लालीची डबी आणि समाजवाद्यांचा हिशेब

(उपनगरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चंगळवादावर बोलण्याची वेळ आली की आपल्या चळवळीतील वक्ते हमखास एखाद्या तरुण स्त्रीच्या पर्समधून उदाहरण काढतात. पूर्वी ते नायलॉनच्या साडीचे असे, मग लिपस्टिकचे झाले आणि अलीकडे गालांना लावायच्या परदेशी लालीचे झाले आहे. जुन्या पिढीच्या भाषेत हिला ‘रूज’ म्हणत, आजच्या मुली ‘ब्लश’ म्हणतात. डबीवर नामवंत फ्रेंच किंवा अमेरिकन कंपनीचे नाव असेल तर चार-साडेचार ग्रॅम पुडीला चार हजार रुपयांच्या आसपास मोजावे लागतात. म्हणजे ग्रॅमला सुमारे नऊशे रुपये, चांदीहूनही महाग. एवढा आकडा उच्चारला की सभेत हशा पिकतो, वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो आणि विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये, कारण या चार हजारांत कोणाकोणाचा वाटा आहे हे पाहू लागले की राजकीय अर्थशास्त्राचे पुष्कळसे धडे त्या एवढ्याशा डबीत सापडतात.

आधी डबी घेणारी स्त्री कोण, हे पाहिले पाहिजे. मलबार हिलवरची श्रीमंत गृहिणी अशा पाच डब्या एका वेळी घेत असेल. तिच्याविषयी समाजवाद्यांना नवे सांगण्यासारखे काही नाही. ज्या मुलीवरून सभेत हशा पिकतो ती वेगळी आहे. ती मुलुंड, घाटकोपर किंवा बोरिवलीची आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावर एके काळी कारखान्यांची जी रांग होती, तिच्यातल्याच एखाद्या कारखान्यातून तिचे वडील स्वेच्छानिवृत्तीचे कागद घेऊन बाहेर पडले. त्या रस्त्यावर २००३ च्या सुमारास मॉल उभे राहू लागले, पुढे घाटकोपरला त्याहून मोठा आला. ही मुलगी २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोने घाटकोपरहून अंधेरीला कामाला जाते, संध्याकाळी परतताना त्याच मॉलच्या थंड हवेत दहा मिनिटे रेंगाळते आणि एखाद्या दिवशी, बहुधा दिवाळीच्या बोनसनंतर, ती डबी विकत घेते. घरी आईला किंमत सांगताना एक शून्य खाऊन टाकते.

तिचा स्वतःचा हिशेब मात्र बावळट नसतो. रोज ब्रश फिरवला तरी डबी वर्षभर सहज पुरते. चार हजारांना ३६५ ने भागले तर दिवसाला अकरा रुपये पडतात. टपरीवरच्या एका कटिंग चहाचे हे पैसे. तिचे वडील दिवसाकाठी सिगारेटवर याहून अधिक खर्च करत आले आणि त्यांच्या सिगारेटवर आपल्या साप्ताहिकांनी कधी अग्रलेख लिहिलेला आढळत नाही. नवऱ्याची मोटारसायकल ‘गरज’ आणि बायकोची पावडर ‘नखरे’, ही वर्गवारी अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. ती आपल्या घराघरांतून पक्षकार्यालयात आलेली आहे. वास्तविक घरखर्चाचे राजकारण कसे करावे याचा धडा याच उपनगरांतील समाजवादी स्त्रियांनी घालून दिला होता. १९७२ साली महागाई प्रतिकार संयुक्त स्त्री समितीने लाटणी हाती घेऊन मोर्चे काढले, तेव्हा गोरेगावच्या मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट पक्षाच्या अहिल्याताई रांगणेकर यांनी बायकांना काटकसरीवर व्याख्याने दिली नाहीत. तेल-साखरेची साठेबाजी करणाऱ्यांकडे आणि मंत्र्यांकडे त्यांनी जाब मागितला.

आता सिद्धान्ताकडे वळू. दिखाऊ उपभोगाची कल्पना थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली मांडली. वस्तूच्या उपयोगापेक्षा ती परवडते हे इतरांना दिसणे श्रीमंतांना महत्त्वाचे वाटते, असा तिचा आशय. शंभर वर्षांनी, १९९८ साली, अँजेला चाओ आणि ज्युलिएट शोर या दोघींनी अमेरिकेतील स्त्रियांच्या प्रसाधन-खरेदीवर ही कल्पना तपासून पाहिली. चेहरा धुण्याचे द्रव्य घरातल्या मोरीत राहते, ते कोणी पाहत नाही. लिपस्टिक मात्र चारचौघांत पर्समधून बाहेर निघते. वस्तू जितकी चारचौघांत वापरायची, तितकी तिच्या खरेदीत गुणवत्तेपेक्षा नावाला अधिक किंमत मोजली जाते, असे त्यांना दिसून आले. लालीची डबी या दुसऱ्या जातीची. तिच्या झाकणातच आरसा असतो, त्यामुळे ती लोकलच्या डब्यात, कार्यालयाच्या स्वच्छतागृहात, लग्नाच्या हॉलमध्ये उघडावीच लागते आणि उघडली की झाकणावरचे नाव शेजारणीला दिसते.

येथपर्यंत आपल्या वक्त्यांना समाधान वाटेल. परंतु व्हेब्लेनचा सिद्धान्त सवड असलेल्या वर्गासाठी होता आणि घाटकोपरच्या मुलीला सवड नाही. तिच्या बाबतीत दुसरा एक प्रश्न उभा राहतो. जॅक्लिन वोंग आणि अँड्रू पेनर या समाजशास्त्रज्ञांनी २०१६ साली अमेरिकेतील आकडेवारीवरून असे दाखवले की ‘आकर्षक’ मानल्या गेलेल्या माणसांना अधिक वेतन मिळते. पण स्त्रियांच्या बाबतीत या अधिक वेतनाचा बहुतेक भाग जन्मजात रूपामुळे येत नाही, तो नीटनेटकेपणामुळे, म्हणजे केस, कपडे आणि प्रसाधन यांमुळे येतो. हे खरे असेल तर प्रसाधन हा उपभोग राहत नाही, तो नोकरी टिकवण्याचा खर्च होतो. गवंड्याला थापी मालकाने द्यावी की त्याने स्वतः आणावी हा कामगार चळवळीचा जुना प्रश्न आहे. स्वागतकक्षात बसणाऱ्या, विमा विकणाऱ्या, विमानात सेवा करणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तो प्रश्न आपण कधी विचारलाच नाही.

अंधेरीच्या विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांना याचे जुने उदाहरण ठाऊक असेल. एअर इंडियाच्या हवाई सेविकेने पस्तिसाव्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास तेव्हा, किंवा पहिल्या गरोदरपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त व्हावे असा नियम होता. त्याच विमानात काम करणारा पुरुष कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत नोकरीत राही. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाचे कलम रद्द केले आणि पस्तिशीनंतर मुदतवाढ देण्याचा व्यवस्थापकीय संचालकांचा मनमानी अधिकारही काढून घेतला. पस्तिशीची अट न्यायालयाने तशी मोडून काढली नाही. स्त्रीचे दिसणे हा मालकाचा भांडवली माल आहे आणि त्याची झीज झाली की तो बदलावा, ही समजूत त्या नियमामागे होती. आजच्या नियुक्तिपत्रात ती इतक्या उघडपणे लिहीत नाहीत. ‘व्यक्तिमत्त्व प्रसन्न असावे’ एवढेच लिहितात.

रंगाविषयीही बोलले पाहिजे. राममनोहर लोहिया यांनी सौंदर्य आणि त्वचेचा रंग या विषयावर एक निबंध लिहिला आहे. गोऱ्या युरोपियनांनी जगावर राज्य केले म्हणून गोरेपण सुंदर ठरले, आफ्रिकेने राज्य केले असते तर सौंदर्याची कसोटी निराळी झाली असती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. समाजवादी नेत्याने बायकांच्या कातडीच्या रंगावर लिहावे याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले असेल. पण बाजाराला हा विषय क्षुल्लक वाटला नव्हता. हिंदुस्थान लिव्हरने १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आणले, आणि नाव बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ करायला कंपनीला २०२० साल उजाडावे लागले. गोरेपणाच्या मलमापेक्षा लाली कमी दोषी आहे हे मान्य करावे लागेल. ती गव्हाळ किंवा सावळा गाल पुसून टाकायला सांगत नाही. तरीही कित्येक वर्षे परदेशी लालीच्या छटा फिक्या गालावर उठून दिसतील अशाच बेताने तयार होत आल्या, आणि सावळ्या मुलीच्या गालावर त्यांची राख दिसे.

आता किंमत. त्या चार हजारांत काय काय आहे? एकेका डबीचा हिशेब कंपन्या प्रसिद्ध करीत नाहीत, परंतु जगातील सर्वांत मोठ्या प्रसाधन-कंपनीचा, फ्रान्सच्या लोरेआलचा, एकूण हिशेब उघड आहे. २०२३ साली तिच्या शंभर युरोच्या विक्रीमागे माल तयार करण्याचा खर्च सुमारे २६ युरो होता. जाहिरात आणि प्रसार यांवर सुमारे ३२ युरो गेले. संशोधनावर, ज्याची जाहिरातीत सर्वाधिक टिमकी वाजवली जाते त्यावर, सुमारे तीन. व्यवसायातील नफा जवळपास वीस. हे झाले स्वस्त-महाग सर्व मालाचे मिळून. चैनीच्या मालात वस्तूचा वाटा याहूनही कमी असणार हे उघड आहे. म्हणजे मुलुंडची मुलगी जे पैसे मोजते, त्यांतला सर्वांत मोठा भाग तिला ती डबी हवीशी वाटावी यासाठी झालेल्या खर्चाची भरपाई आहे. गॅल्ब्रेथने १९५८ साली हेच सांगितले होते: संपन्न समाजात उत्पादन गरज भागवते आणि तीच गरज निर्माणही करते, तेव्हा ती गरज भागली म्हणून समाज सुखी झाला असे मानण्यात अर्थ नाही. आपल्याकडे फरक इतकाच, की समाज संपन्न होण्यापूर्वीच ही व्यवस्था येऊन पोहोचली.

ती कशी पोहोचली हा इतिहास मुंबईचाच आहे. स्वातंत्र्यानंतर परदेशी प्रसाधनांवर खर्च होणारे परकीय चलन ही पंडित नेहरूंच्या सरकारची चिंता होती. तीतून १९५२ साली टाटा ऑइल मिल्सने ‘लॅक्मे’ ही कंपनी काढली. नाव एका फ्रेंच संगीतिकेतील नायिकेचे, आणि त्या नायिकेचे नाव म्हणजे आपल्या लक्ष्मीचेच फ्रेंच रूप. स्वदेशीला लक्ष्मी चालली नसती, पॅरिसहून फिरून आलेली लक्ष्मी चालली, हा विनोद त्या काळच्या मध्यमवर्गाने फारसा मनावर घेतला नाही. पुढे सिमोन टाटा यांनी ही कंपनी वाढवली. त्या २०२५ च्या डिसेंबरात निवर्तल्या. त्यांच्या कारकिर्दीतच सरकारने प्रसाधनांना चैनीची वस्तू ठरवून १९८० च्या दशकात शंभर टक्क्यांहून अधिक उत्पादनशुल्क लावले होते.

त्या शुल्काची समाजवाद्यांनी तेव्हा भलामणच केली होती. चैनीवर जबर कर बसवावा, हे तत्त्व म्हणून योग्यही होते. व्यवहारात काय झाले? श्रीमंतांची परदेशी लाली मुसाफिरखान्यातून आणि मनीष मार्केटातून चोरट्या मालातून येत राहिली, तिच्यावर एक पैसा कर बसला नाही. ज्यांना तेही परवडत नव्हते त्यांच्यासाठी उल्हासनगरचा नकली माल होता. शुल्काचा भार पडला तो देशी माल उघडपणे घेणाऱ्या शिक्षिकेवर आणि कारकून स्त्रीवर. १९९० च्या दशकात शुल्क टप्प्याटप्प्याने खाली आले, १९९६ साली लॅक्मेने हिंदुस्थान लिव्हरशी भागीदारी केली आणि १९९८ साली टाटांनी आपला वाटा विकून टाकला. परकीय चलन वाचवण्यासाठी जन्मलेली कंपनी अशा रीतीने परकीय कंपनीच्या भारतीय शाखेत विसर्जित झाली. १ एप्रिल २००१ पासून उपभोग्य वस्तूंच्या आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध उठले आणि मुसाफिरखान्याचा माल मॉलच्या काचेत आला.

या विलीनीकरणांच्या काळात कामगारांनी स्वस्थ बसून पाहिले असे कोणी समजू नये. टाटा ऑइल मिल्स लिव्हरमध्ये विलीन करण्याला लिव्हरच्याच कामगार संघटनेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत विरोध केला, तो १९९४ साली फेटाळला गेला. त्याआधी, १९८८-८९ साली, शिवडीच्या कारखान्यात सुमारे वर्षभर टाळेबंदी होती, तेव्हा त्या कामगारांनी स्वतः धुण्याची पावडर तयार करून विकली आणि तिचे नाव ठेवले ‘लॉकआउट’. पावडर कशी बनते हे मालकाला नव्हे, आपल्याला ठाऊक आहे, हे एवढ्या खुसखुशीतपणे दुसऱ्या कोणत्या संपाने सांगितले असेल असे वाटत नाही.

कराचा मुद्दा अजून संपलेला नाही. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला तेव्हा कुंकू, टिकली आणि बांगड्या यांवर शून्य कर होता, आणि सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के. सौभाग्याचे अलंकार करमुक्त आणि स्त्रीच्या शरीराची अपरिहार्य गरज करपात्र, ही विसंगती दूर व्हायला वर्ष जावे लागले. २०२५ च्या सप्टेंबरात टाल्कम पावडर आणि चेहऱ्याची पावडर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. शृंगाराची इतर बहुतेक प्रसाधने १८ टक्क्यांवरच राहिली, मग ती लोकलच्या डब्यात फेरीवाली विकते ती पन्नास रुपयांची असोत की मॉलमधली चार हजारांची. दोघींना दर एकच. दुसरीकडे संपत्तिकर २०१५ साली रद्द झाला. डबी घेणाऱ्या मुलीवर कर आहे. ज्याच्या मालकीचा मॉल आहे त्याच्या एकूण संपत्तीवर नाही.

वस्तूंची यादी करून चैन पकडता येत नाही हे निकोलस कॅल्डॉर यांनी ओळखले होते. त्यांच्या सल्ल्याने भारताने १९५७ साली व्यक्तीच्या एकूण खर्चावर कर बसवणारा कायदा केला. तो १९६२ साली मागे घेतला, १९६४ साली पुन्हा आणला आणि १९६६ साली कायमचा गुंडाळला. लोहियांनी तर व्यक्तिगत खर्चावर महिना पंधराशे रुपयांची मर्यादा घालण्याची मागणी केली होती. ती मागणी आज हास्यास्पद वाटते, पण तिच्यातील शहाणपण असे की ती कोणाच्याही पर्समध्ये डोकावत नाही. ठरलेल्या मर्यादेत कोणी पुस्तके घ्यावी, कोणी लाली घ्यावी, राज्यसंस्थेला त्याच्याशी कर्तव्य नाही. मर्यादा ओलांडणारा मात्र सुटत नाही. घाटकोपरची मुलगी या मर्यादेत बसते. जिच्यासाठी ही मर्यादा हवी, ती बाई सभेतल्या हशाचा विषय कधी होत नाही.

या मुलीला खरा धोका आहे तो डबीच्या किमतीपेक्षा ती किंमत फेडण्याच्या पद्धतीत. ‘आता घ्या, नंतर द्या’ अशी योजना मोबाइलवर बोटाच्या एका स्पर्शात मिळते, चार हजारांचे चार हप्ते होतात, आणि पहिली डबी निम्मीही संपलेली नसताना दुसरी येते. दिवसाला अकरा रुपये हा तिचा हिशेब तिथे कोसळतो. ‘ऋण काढून सण’ ही म्हण वर्षातून एकदा येणाऱ्या सणासाठी होती, आता सणच दर शुक्रवारी येतो. २०२२-२३ साली भारतीय कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांवर घसरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला अशा विनातारण कर्जांवर बँकांनी अधिक भांडवल बाजूला ठेवावे असा आदेश काढावा लागला. मंदीत स्त्रिया मोठी खरेदी टाळून लिपस्टिक घेतात, असे एस्टी लॉडर कंपनीचे लेनर्ड लॉडर यांनी २००१ साली सांगितले होते आणि तेव्हापासून वर्तमानपत्रे ते सिद्धान्तासारखे छापत आली. त्याला आकडेवारीचा आधार फारसा नाही. पण घर घेण्याची आशा सुटलेल्या पिढीने चार हजारांच्या डबीत समाधान शोधावे, एवढे समजण्यासाठी आकडेवारी लागत नाही. मुलुंडमध्ये एका खोलीचा भाव विचारून यावे.

डबीच्या आत जाऊ. लालीतली पूड मुख्यत्वे शंखजिरे, म्हणजे टाल्क, आणि अभ्रक यांची असते. रंग लोहाच्या भस्मांचा किंवा कोचिनील नावाच्या किड्यांपासून काढलेला. गालावर जी मंद चमक येते ती अभ्रकाची. हे अभ्रक झारखंडातील कोडरमा आणि गिरिडीह व बिहारमधील नवादा या जिल्ह्यांत सापडते. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर तिथल्या बहुतेक खाणी बंद पडल्या, पण ढिगारे राहिले. त्या ढिगाऱ्यांतून अभ्रकाचे तुकडे वेचणे हा तिथल्या कुटुंबांचा धंदा झाला. तुकड्यांना तिकडे ‘ढिबरा’ म्हणतात. बोगदे अरुंद असल्याने मुले आत शिरतात. २०१६ साली एका डच संशोधन-संस्थेने या कामात सुमारे २२ हजार मुले असल्याचा अंदाज दिला, त्याच वर्षी बोगदे कोसळून मुले दगावल्याच्या आणि आई-बापांना पैसे देऊन ते मृत्यू दडपल्याच्या बातम्या आल्या. मग २०१७ साली कंपन्यांनी पॅरिसमध्ये ‘जबाबदार अभ्रका’साठी एक संस्था स्थापन केली, काहींनी प्रयोगशाळेत बनवलेले अभ्रक वापरायला आरंभ केला. हा दुसरा उपाय ऐकायला बरा वाटतो. परंतु ढिबरा वेचणाऱ्या आईला पर्यायी मजुरी न देता तिचा माल घेणे बंद केले तर तिच्या मुलाचे पोट त्याने भरत नाही. वेचणाऱ्याच्या हाती किलोमागे मूठभर रुपये पडतात, आणि डबीत त्या अभ्रकाचा वाटा ग्रॅमभरही नसतो. त्याला दहापट दाम दिला तरी चार हजारांच्या किमतीत एका रुपयाचाही फरक पडणार नाही. भागधारकांच्या सभेत हे गणित कोणी मांडत नाही, आणि आपल्या सभेतही मांडले गेलेले नाही.

लाली लावणाऱ्या हातांचीही गोष्ट आहे, आणि ती आपल्या चळवळीला खाली मान घालायला लावणारी आहे. अंधेरी-गोरेगावच्या चित्रपटव्यवसायात वेशभूषा, रंगभूषा आणि केशभूषा करणाऱ्यांची एक कामगार संघटना आहे. तिच्या नियमांनुसार स्त्रीला केशभूषाकार म्हणून सभासदत्व मिळे, रंगभूषाकार म्हणून नाही. नायिकेच्या गालावर लाली लावण्याचा हक्क केवळ पुरुषाला. ही प्रथा पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू होती. स्त्रिया आल्या तर पुरुषांच्या पोटावर पाय येईल, असा संघटनेचा युक्तिवाद होता. पुरुषाच्या पोटाखेरीज दुसरे पोट घरात नसते अशा समजुतीने केलेला. चारू खुराणा आणि इतर स्त्रियांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने हे नियम घटनाबाह्य ठरवले, आणि सभासदत्वासाठी महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अटही रद्द केली. १९२६ च्या कायद्याखाली नोंदलेली, वर्गणी घेणारी, आपल्या मोर्चांत झेंडा घेऊन येऊ शकेल अशीच ही संघटना. स्त्रियांना रंगभूषेचा हक्क मिळवून द्यायला तिथे कामगार चळवळ पुढे आली नाही, न्यायालयाला यावे लागले.

शेवटी, डबी विकणारी मुलगी. ग्राहक मुलीची ती वर्गभगिनी आहे, बऱ्याचदा तिच्याच इमारतीत राहणारी. तिला कंपनी ‘सौंदर्य-सल्लागार’ म्हणते. तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर कंपनीचा माल पूर्ण थरात असावा लागतो, आणि ती जी डबी विकते तिची किंमत तिच्या आठवड्याच्या वेतनाच्या घरात जाते. सकाळी अकरापासून रात्री मॉल बंद होईपर्यंत ती उभी असते. स्टूल असले तरी ते गिऱ्हाइकाचे. केरळात कोझिकोडच्या दुकानांतील स्त्रियांना विजी पेनकूट्टू यांनी संघटित केले. त्यांची मागणी एवढीच होती, की कामाच्या वेळेत बसायला मिळावे आणि लघवीला जायला मिळावे. प्रस्थापित संघटनांनी ती आधी किरकोळ मानली. २०१८ साली केरळ सरकारला बसण्याचा हक्क कायद्यात घालावा लागला, २०२१ साली तमिळनाडूने तसाच कायदा केला.

महाराष्ट्रात वारा उलट्या दिशेने वाहतो आहे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानांना बहुतेक तरतुदींतून मोकळे केले. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा वीसवर नेण्याचा आणि रोजच्या कामाचे तास नवावरून दहा करण्याचा निर्णय घेतला. मॉलमधील एका प्रसाधन-काउंटरवर तीन-चार मुली असतात. त्या बहुधा दुकानाच्या नोकर नसतात, कंपनीच्याही नसतात; कोणत्या तरी मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या असतात. म्हणजे त्यांची मोजणी कोणाच्या पटावर होते हेच ठरलेले नाही, आणि वीसच्या मर्यादेचा फायदा घेऊन कंत्राटदार त्यांची विभागणी एकोणिसांच्या तुकड्यांत करणार हे सांगायला ज्योतिषी नको. मुलुंड, घाटकोपर, मालाड आणि अंधेरी येथील मॉलमध्ये अशा किती मुली आहेत, त्यांच्या नियुक्तिपत्रावर मालक म्हणून कोणाचे नाव आहे, त्यांचा भविष्यनिर्वाह निधी कोण भरतो आणि त्यांना जेवायला किती मिनिटे मिळतात, एवढी चार माहिती वस्ती-शाखांनी येत्या दोन महिन्यांत गोळा केली तर कामगार आयुक्तांकडे जाता येईल. चौकशीला स्त्री-कार्यकर्त्यांनी जावे आणि दुपारी तीनच्या सुमारास जावे. त्या वेळी गिऱ्हाईक कमी असते, आणि त्या मुलींना दोन शब्द बोलता येतात.